काट्यांची भाषा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याची मला सवय नाही आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा 'जनरेटरवर चार शब्द बोला' असे चिटणीसबाईंनी सांगितले, त्या वेळी मी आधी हसलेच. पण गेली काही वर्षे आपल्या मंडळाच्या जनरेटरची किल्ली माझ्याकडे आहे, आणि त्याच्या पायी मी दोनदा चांगलाच धडा घेतला आहे. तेवढाच आपणांस सांगते.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला पूर आला आणि आपण किती दिवस अंधारात काढले ते सर्वांना आठवतच असेल. त्यानंतर मंडळाने वर्गणी काढून हे पेट्रोलवर चालणारे लहान यंत्र घेतले. यंत्र आले, पण ते चालवायचे कोणी? घरातील पुरुष माणूस नसेल तर आपण त्याला हात लावत नव्हतो. मला विचाराल तर, ज्या बाईला फोडणीच्या वासावरून मोहरी करपली की नाही हे कळते, तिला या यंत्राचे काटे कळणे मुळीच अवघड नाही.

यंत्राच्या तोंडावर पाहण्यासारख्या चार गोष्टी आहेत. पहिला विजेच्या दाबाचा, म्हणजे व्होल्टचा काटा. यंत्र सुरू झाल्यावर तो २३० च्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. आपण दिवे-पंखे जोडले की तो थोडा खाली येतो, त्यात भिण्यासारखे काही नाही. पण तो २०० च्या खाली उतरला, तर यंत्रावर ओझे फार झाले असे समजावे आणि काही तरी काढावे. उलट तो २५० च्या वर चढला, तर सर्व वस्तू ताबडतोब काढून यंत्र बंद करावे. नाही तर दिवे जातील आणि फ्रीजही जळेल. काटा सारखा थरथरत असेल, तर आधी चोकची दांडी अर्धवट राहिली आहे का ते पाहावे, मग पेट्रोल पाहावे. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिले असले तरी असे होते.

दुसरी गोष्ट ओझ्याचे बटण. ओझे जास्त झाले की ते आपोआप उडते आणि इंजिन चालू असूनही वीज बंद होते. २०२० च्या संक्रांतीचे हळदीकुंकू आठवा. वीज गेली, यंत्र सुरू केले, आणि ऐन चहाच्या वेळी पुन्हा अंधार! मी ते बटण तीनदा दाबले, तीनदा ते उडाले. घरी जाऊन मी वहीत हिशेब मांडला. यंत्राची ताकद २००० वॅटची. चार ट्यूबांचे ८०, चार पंख्यांचे ३००, चहाच्या विजेच्या किटलीचे १५००, आणि आत चटणी वाटण्यासाठी लावलेल्या मिक्सरचे ६००. बेरीज झाली २४८०. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या बेरजेचा होता. त्याआधी पाच मिनिटे व्होल्टचा काटा खाली उतरून तेच सांगत होता, पण पाहिले कोणी? बटण उडाले की आधी वस्तू काढाव्या, थोडे थांबावे आणि मगच ते दाबावे. आणखी एक. फ्रीज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना चालण्याच्या कितीतरी पट वीज ओढते, म्हणून ती आधी एकटी लावावी आणि मग दिवे. ओझे कमी असूनही आणि बटण जागेवर असूनही काटा शून्यावरच राहिला, तर पेटी उघडू नये. ते कारागिराचे काम.

तिसरी गोष्ट तेलाचा लाल दिवा. दोरी ओढताना तो लुकलुकला, तर कितीही ओढा, इंजिन सुरू होणार नाही. ते यंत्र स्वतःला जपत असते. तेल पाहावे, कमी असेल तर भरावे. तेल पुरेसे असेल, तर यंत्र तिरपे ठेवले आहे का पाहावे. एकदा दोघे धट्टेकट्टे मुलगे दोरी ओढून घामाघूम झाले होते. मी यंत्र उतारावरून सपाट फरशीवर आणायला लावले आणि पहिल्या ओढीत ते सुरू झाले!

चौथा पेट्रोलचा काटा. तो तळाला टेकेपर्यंत थांबू नये. पण पेट्रोल भरताना यंत्र बंद करून ते निवू द्यावे. तापल्या इंजिनावर सांडलेले पेट्रोल भडकायला वेळ लागत नाही.

आता माझा दुसरा धडा. २०२१ च्या जुलैत पुन्हा पुराचे दिवस होते. वीज नव्हती. शेजारच्या आजींचे इन्सुलिन फ्रीजमध्ये, म्हणून मी यंत्र आमच्या वाड्यात आणले. पाऊस लागू नये म्हणून ते जिन्याखाली ठेवले आणि दार लोटून घेतले. काटा २३० वर, लाल दिवा विझलेला, टाकी भरलेली. मी निश्चिंत होऊन वर गेले. अर्ध्या तासात आजींचे डोके दुखू लागले, सुनेला मळमळू लागले, माझेही डोके जड झाले. जागरणाने होत असेल असे आम्हांला वाटले. तेवढ्यात आजींचा नातू खालून ओरडत आला, "काकू, आधी बाहेर या सगळ्या!" त्याने आम्हांला अंगणात काढले आणि यंत्र बंद केले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जाते. भगिनींनो, सारे काटे जागेवर होते आणि आम्ही मात्र मरणाच्या दारात होतो! ज्या धोक्याला काटाच नाही, तो आपणच ध्यानात ठेवावयाचा. यंत्र उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून वीस फूट तरी दूर ठेवावे. पाऊस असेल तर वर उघडे छप्पर करावे, पण घरात, जिन्याखाली किंवा गॅलरीत ते कधीही आणू नये.

तसेच यंत्राची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये घालून घरभर वीज खेळवण्याची हुशारी कोणी करू नये. ती वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

माझी एक सूचना आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आपल्यापैकी एकीने, पाळीपाळीने, यंत्र पंधरा मिनिटे चालवावे आणि काटे वहीत लिहावे. त्याने यंत्रही नीट राहील आणि आपली भीतीही जाईल. मंडळाचे यंत्र एकटीच्या किल्लीवर अवलंबून नसावे.

बोलण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.