परसातील पिल्ले आणि दारचा कुत्रा



बेंगळुरूला उद्याननगरी म्हणतात ते केवळ लालबाग आणि कब्बन पार्कमुळे नव्हे. मल्लेश्वरम्, बसवनगुडी यांसारख्या जुन्या वस्त्यांत काही घरांना अजूनही परस आहे, परसात नारळ-आंबा आहे, आणि त्यांच्या आश्रयाने खार, बुलबुल, मुंगूस, उदमांजर असा मोठा परिवार नांदतो. त्याच परसात घरचा कुत्राही मोकळा असतो. नारळाच्या झावळ्या उतरवताना खारीचे घरटे खाली येते आणि डोळेही न उघडलेली पिल्ले मातीत वळवळू लागतात. कुत्रा धावतो, मुले ओरडतात, कोणीतरी दुधाची वाटी घेऊन येते. अशा वेळी पहिले काम एकच: कुत्र्याला आत नेऊन दार लावणे.

कुत्र्यावर रागावण्याचे कारण नाही. तो आपल्या स्वभावाला जागतो. परंतु त्याच्या दाताची जखम केसांखाली दिसत नाही आणि पुढे चिघळते. ज्या पिल्लाला त्याने तोंडात धरले, ते वरून कितीही धडधाकट दिसो, त्याला तज्ज्ञ पशुवैद्याकडे न्यावेच. केंगेरी येथे ‘पीपल फॉर अ‍ॅनिमल्स’चे वन्यजीव रुग्णालय आहे.

जखम नसलेल्या पिल्लाची गोष्ट निराळी. ते सापडले म्हणजे पोरके झाले, असे आपण फार लवकर ठरवतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समजही घरोघरी आहे. त्यात तथ्य नाही. कन्नड शेजारी जिला ‘अळिलु’ म्हणतात ती खार पिल्ले तोंडात धरून, एकेक करून, दुसऱ्या घरट्यात नेते. सुती कापड घातलेली टोपली त्याच झाडाला, सावलीत, उंचावर बांधावी आणि खिडकीआडून पाहावे. बुलबुलाचे पिल्लू तर नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडते. आईबाप त्याला जमिनीवरही भरवतात. त्याला पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे भरल्या घरातून मूल पळवणे होय.

खार दिवसाची, उदमांजर रात्रीचे. त्यामुळे खारीच्या पिल्लांसाठी कुत्रा दिवसभर घरात हवा, तर कौलारू माळ्यावरून खाली आलेल्या उदमांजराच्या पिल्लांसाठी रात्रभर. खार अंधार पडेपर्यंत आली नाही, तर मात्र थांबू नये. पिल्ले उबेत ठेवून जाणत्यांना कळवावे. गाईच्या दुधाने त्यांना हगवण लागते, आणि घाईने तोंडात ओतलेले दूध फुप्फुसात जाते. मायेने घडणारा हा अपघात फार सर्रास आहे.

मुलांना उघड्या हाताने पिल्लू उचलू देऊ नये. चावा वा ओरखडा लागलाच तर साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा. उदमांजर गोजिरे दिसते म्हणून पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो.

महाराष्ट्रात जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडतात. तेथे वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्य बछडे तपासतात आणि तिन्हीसांजेला खोक्यात घालून, सापडले त्याच बांधावर ठेवतात. माणसे दूर सरतात. अनेकदा आई येते, आणि सकाळी खोके रिकामे मिळते.