हाताआधी डोळा



इंदूरच्या राजवाड्यापासून काही पावलांवर सराफा आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीच्या पेढ्या उघडतात. रात्री त्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, दहीवडे आणि जिलबी यांची दुकाने मांडली जातात. त्या गल्लीतील बालकाला दोन प्रकारचे हात नित्य दिसतात. एक हात मूस, फुंकणी आणि चिमटा घेऊन सोन्याची तार वळवितो. दुसरा तापल्या कढईवर जिलबीचे वेटोळे एका दमात पूर्ण करतो. दोन्ही हात रेषाच काढीत असतात. पाच-सहा वर्षांचा मुलगा हे पाहतो आणि घरी येऊन कोळशाने भिंतीवर सोनार काढतो, कढई काढतो, प्रसंगी आकाशात दोन सूर्यही काढतो. त्याला कसलाच संकोच नसतो.

तोच मुलगा बारा-तेरा वर्षांचा होतो, सातवी-आठवीत जातो, आणि एके दिवशी कागद उलटा करून म्हणतो, “मला चित्रकला येत नाही.” घरचे लोक हसून सोडून देतात. परंतु ती पेन्सिल पुष्कळदा खाली ठेवली जाते ती कायमचीच. एक भाषा त्याच्या आयुष्यातून निघून जाते आणि घरात कोणाला त्याची चुटपुटही लागत नाही.

हे असे का घडते? मूळचे ऑस्ट्रियाचे शिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालचित्रांच्या वाढीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. सुमारे अकरा ते तेरा या वयात मूल स्वतःच्या चित्राकडे परीक्षकाच्या नजरेने पाहू लागते, असे त्यांचे निरीक्षण आहे. एक साधा तांब्या समोर ठेवावा. मुलगा त्याचे तोंड लंबगोल काढतो, आणि तळ मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ काढतो. तांब्या पाटावर नीट बसतो, म्हणून त्याचा तळ सपाट आहे, हे त्याला ठाऊक असते. त्याचा डोळा मात्र तळाची कड वळलेली पाहत असतो. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे स्मृतीने प्रत्यक्षावर मात केलेली असते. मुलाला काहीतरी चुकले एवढे कळते, काय चुकले ते कळत नाही. त्याची दृष्टी हाताच्या पुढे निघून गेलेली असते. ही खरे तर प्रगतीची खूण होय. तो बिचारा तिला अपयश समजतो. ह्याच क्षणी गुरूची गरज असते.

सुज्ञ शिक्षक त्या वेळी मुलाच्या कागदावर स्वतःची रेषा ओढीत नाही. तो तांब्या उचलून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर धरतो. तोंडाचे वर्तुळ मिटून एक आडवी रेघ होते. मग तांब्या हळूहळू खाली नेतो; ती रेघ उघडत जाते आणि लंबगोल होतो. तळ तर तोंडाहूनही खाली, म्हणून त्याची कड अधिकच वळलेली असणार, हे मुलगा आता स्वतःच सांगतो. फार तर शिक्षक निराळ्या कागदावर एखादी आकृती काढून दाखवितो. मुलाची चूक मुलाच्याच हाताने सुधारली जाते आणि चित्र त्याचेच राहते.

महाराष्ट्रात एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे विषय घरोघरी परिचित केले. त्यांतील स्मरणचित्र हा विषय विशेष मोलाचा. त्यासाठी मुलांना सायंकाळी सराफ्यात न्यावे आणि एकच दुकान पाच मिनिटे पाहावयास सांगावे. कागद-पेन्सिल बरोबर नसावी. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच दुकान काढावयास सांगितले की कोणी काय पाहिले आणि कोणी केवळ डोळे उघडे ठेवले होते, हे प्रत्येकास आपोआप कळते. पाठ केलेला डोंगर, झोपडी आणि उगवता सूर्य तेथे उपयोगी पडत नाही.

ह्या शिक्षणाचा दाखला शोधण्यास इंदूरकरांना दूर जावयास नको. 1927 साली येथे चित्रकलेचे विद्यालय सुरू झाले आणि दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी त्याला आकार दिला. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, मकबूल फिदा हुसेन आणि विष्णू चिंचाळकर हे त्यांचे विद्यार्थी. बेंद्रे यांनी निसर्गचित्रांत कीर्ती मिळविली आणि पुढे बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकविली. हुसेन मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवीत रंगवीत जगद्विख्यात झाले. चिंचाळकर गुरुजींनी वाळलेल्या काटक्या, दगड आणि टाकाऊ वस्तू यांतून आकृती शोधल्या. अक्षरांतून व अंकांतून चित्रे कशी उमलतात हे त्यांनी मुलांना दाखविले. 2000 साली ते निवर्तले, तेव्हा इंदूरची किती तरी मुले त्यांच्या दृष्टीने पाहावयास शिकली होती. एका गुरूचे हे शिष्य, परंतु एकाचे चित्र दुसऱ्यासारखे नाही. ज्या गुरूच्या सर्व शिष्यांची रेषा एकसारखी असते, त्याने हात शिकविला. ज्याच्या शिष्यांची रेषा निरनिराळी असते, त्याने डोळा शिकविला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या परंपरेलाही हे नवे नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे प्रतिमा घडविण्याचे ज्ञान मागतो. ऋषी त्याला छिन्नी देत नाहीत. प्रतिमेसाठी चित्र जाणावे, चित्रासाठी नृत्त, नृत्तासाठी वाद्य आणि त्यासाठी गीत, असे ते मागे मागे नेतात. जयमंगला टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली, त्यांत रूपांचे भेद ओळखणे हे पहिले आणि रंगांची योजना हे शेवटचे. ओळखणे आधी, रंगविणे मागाहून. हा क्रम शिक्षकाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

आणि पालकांनी काय करावे? गणिताच्या तासासाठी चित्रकलेचा तास घेतला गेला तर शाळेत जाऊन विचारावे. मुलाची जुनी चित्रे रद्दीत न घालता वर्ष घालून जपून ठेवावीत. ज्या दिवशी तो “येत नाही” म्हणेल, त्या दिवशी ती त्याच्यासमोर मांडावीत. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रातील दोष त्याला लगेच दिसतील, आणि ते दिसतात याचाच अर्थ आपण पुढे आलो, हे त्याला उमगेल. चित्र पाहून “छान” एवढे म्हणून उठू नये, “हे तू कोठून पाहिलेस?” असे विचारावे.

सारीच मुले चित्रकार होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. कोणी पेढीवर बसेल, कोणी कचेरीत जाईल. परंतु ज्याने बाराव्या वर्षी तांब्याचा तळ नीट पाहिला, तो पुढे माणसाच्या मुखाकडेही ऐकीव गोष्टी बाजूस सारून पाहील. मूर्तीसमोर उभा राहिला तर डोळे मिटण्यापूर्वी क्षणभर ते उघडे ठेवील. दर्शन या शब्दाचा मूळ अर्थ पाहणे हाच आहे. मुलाच्या हातून गळू पाहणारी पेन्सिल पुन्हा त्याच्या हाती देणे, हे त्या दर्शनाचेच एक लहानसे साधन होय.