वीराची दोन खाती



मैदानावर ज्याला आपण डोक्यावर घेतले, तो पुढे आपल्याला न पटणाऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला, तर त्याच्याविषयीचे मत बदलावे काय? मॅनी पॅकियाव या मुष्टियोद्ध्यामुळे फिलिपाइन्सच्या लोकांना हा पेच पडला. आठ वजनगटांत जगज्जेता झालेला हा वीर २०१६ साली सेनेटवर निवडून आला. २०२२ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, तेव्हा मात्र लोकांनी त्याला नाकारले. आपल्याकडे हाच पेच त्याच्या कितीतरी आधी पडून गेला आहे. तो पडला पालवणकर बाळूंमुळे.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखता राखता ते डावखुरी फिरकी टाकू लागले. साहेबांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे हिंदू क्लबाने ओळखले आणि त्यांना संघात घेतले. पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्यांच्या हातचा चेंडू चालत होता, पंक्ती चालत नव्हती! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाने त्यांना कर्णधार नेमले नाही ते नाहीच. तो मान १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह झाला तो १९२७ साली. यावरून त्या काळाची कल्पना यावी.

अस्पृश्य समाजाला बाळूंचा केवढा अभिमान वाटला असेल, हे सांगायला नको. पण १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांचा वाद पेटला, तेव्हा बाळू डॉ. आंबेडकरांच्या बाजूला नव्हते. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले ते बाळूंनाच. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

श्रोतेहो, त्या तेरा हजारांनी बाळूंचे ११४ बळी खोटे ठरवले काय? मुळीच नाही. उत्तम गोलंदाज हा आपला उत्तम प्रतिनिधी असेलच असे नाही, एवढेच त्यांनी सांगितले. आणि ज्या अकरा हजारांनी बाळूंना मत दिले, त्यांच्या मतांनी आंबेडकरांची विद्वत्ता कमी झाली नाही.

दुकानदार दोन गिऱ्हाइकांची खाती एका पानावर मांडत नाही. वीराचीही दोन खाती ठेवावीत: एक पराक्रमाचे, दुसरे विचारांचे. दुसऱ्या खात्यावरचे मत आपण खुशाल बदलावे. नव्हे, पुरावा दिसला तर बदललेच पाहिजे. पहिल्या खात्यावर मात्र काट मारू नये. बाळूंच्या बाबतीत, मला वाटते, तीच मारली गेली. १९५५ साली ते वारले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचे नाव फारसे कुणाच्या ओठी राहिले नाही. २००२ साली रामचंद्र गुहा यांच्या ग्रंथाने त्यांना पुन्हा उजेडात आणले.

बाळूंना आधी जातीमुळे पंगतीबाहेर बसवले, मग राजकारणामुळे स्मरणाबाहेर. पहिला अन्याय आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचा. दुसरा दूर करणे अजून आपल्या हाती आहे.