फुकटचं कोण खातं?



2025 च्या जानेवारीत शिर्डीत एका भाषणावरून बराच वाद पेटला. माजी खासदार डॉ. सुजय विखे पाटील म्हणाले, की साई संस्थानच्या प्रसादालयातलं मोफत जेवण बंद करावं, जेवणाला 25 रुपये घ्यावेत आणि तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावावा. मोफत जेवणामुळे राज्यभरातले भिकारी शिर्डीत गोळा होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. काहींनी टीका केली, काहींनी माना डोलावल्या. महिना उलटला आणि 3 फेब्रुवारीच्या पहाटे कामावर निघालेल्या संस्थानच्या दोन कर्मचाऱ्यांचा खून झाला. गाव हादरलं. प्रसादालयात कूपन आलं. मग भिक्षेकऱ्यांची धरपकड सुरू झाली. एप्रिलमधल्या मोहिमेत पन्नासच्या आसपास माणसं उचलली गेली आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात त्यांची रवानगी झाली. प्रकृती बिघडली म्हणून त्यांतल्या काहींना नगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं. तिथे चौघे दगावले.

याच दिवसांत, 12 फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचं प्रकरण चालू होतं. न्यायमूर्ती भूषण गवई यांनी सुनावणीत तोंडी मत मांडलं, की निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या मोफत योजनांमुळे लोक काम करायला तयार होत नाहीत. दाखला त्यांनी महाराष्ट्रातल्या शेतीचा दिला. शेतकऱ्यांना मजूर मिळत नाहीत, असं ते म्हणाले.

शिर्डीतलं भाषण काय किंवा दिल्लीतलं मत काय, दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. फुकट मिळालं की माणूस हातपाय हलवत नाही. एसटीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य आपण सगळेच ऐकतो, पुष्कळदा बोलतोही. आज मला त्याच समजुतीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, कारण ती मला चुकीची वाटते, आणि ती चुकीची असल्याचं शिर्डीइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या गावानं पाहिलेलं नाही.

खुनाची गोष्ट आधी बाजूला काढू. दोन कष्टकरी माणसं पहाटे कामावर जाताना मारली गेली. त्याचा संताप खरा आहे आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. पण गुन्हेगाराचा राग आपण भुकेल्याच्या ताटावर काढला, हे बरं झालं नाही.

आता 17 मार्च 2020 आठवा. करोनामुळे त्या दिवशी साईमंदिर भक्तांसाठी बंद झालं. ते उघडलं 16 नोव्हेंबरला, पाडव्याला. 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झालं, ते थेट घटस्थापनेपर्यंत. शिर्डीचा सगळा प्रपंच दर्शनाला येणाऱ्या माणसावर चालतो. लॉजवाला, खानावळवाला, रिक्षावाला, हार-प्रसादाचं दुकान, पेढ्यांची भट्टी, मूर्ती-फोटो विकणारे, लॉजवर चादरी धुणाऱ्या बाया, पार्किंगची पावती फाडणारी पोरं, आणि गाडी थांबली की खिडकीशी येऊन खोली आणि हार दाखवणारे, कमिशनवर जगणारे पॉलिशवाले. एका संध्याकाळी हे सगळे बेरोजगार झाले. कर्ज काढून तीन मजले चढवलेला लॉजमालकही त्यात होता. त्याच्या घरी काम नव्हतं, हप्ता मात्र होता.

त्या दिवसांत शिर्डीकरांना कुणी आळशी म्हटलं का? नाही म्हटलं, आणि ते योग्यच होतं. रेशनवर मोफत धान्य मिळालं तेव्हा पिशवी घेऊन जायला लोक लाजले असतील, पण गेले. मंदिराचं दार उघडल्यावर त्यांतला एकही जण 'मोफत धान्य मिळतंय, आता दुकान कशाला उघडू' म्हणून घरी बसला नाही. दर्शनाची पहिली रांग लागायच्या आत दुकानांच्या फळ्या निघाल्या होत्या. फुकट मिळाल्यानं काम सुटत असतं, तर शिर्डी कायमची बंद पडली असती.

फूलवाल्यांचं दुखणं तर मंदिर उघडल्यावरही संपलं नाही. करोनाचा नियम म्हणून हार-फुलं आत न्यायला बंदी झाली, ती पुढेही राहिली. भाविकांना भरमसाट भाव लावून लुटलं जात होतं, हे त्यामागचं एक कारण होतं आणि त्यात तथ्यही होतं. पण लुटणारे मूठभर होते आणि भरडली गेली ती सगळी साखळी. पंचक्रोशीतल्या गुलाबाच्या मळ्यांपासून हार ओवणाऱ्या बायांपर्यंत. आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि 2024 च्या डिसेंबरात हार-फुलं पुन्हा आत जाऊ लागली. चार वर्षांहून जास्त काळ गेला.

हार ओवणाऱ्या एका बाईंना मी त्या काळात ओळखत होतो. लांब सुईनं शेवंतीचा देठ नेमका कुठे टोचायचा, म्हणजे हार गळ्यात पडेपर्यंत पाकळी गळत नाही, हे त्यांच्या बोटांना न बघता कळायचं. हारामागे ठरलेले पैसे, संध्याकाळी रोख. बंदी आली तशी ही कला बिनकामाची झाली. त्यांनी पेरूच्या बागेत तोडणी केली, कुणाकडे धुणीभांडी केली, दोन महिने काहीच मिळालं नाही तेव्हा माहेरी जाऊन राहिल्या. मधल्या काळात कुणी त्यांना 'काय करता?' असं विचारलं, की त्या 'घरीच असते' म्हणायच्या. काम गेलं असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. सरकारी मोजणीत अशी बाई बेरोजगार म्हणूनही धरली जात नाही. आणि आपल्या बोलण्यात मात्र ती फुकट खाणाऱ्यांत सहज जमा होते.

आता शेतकऱ्याचं गाऱ्हाणं. मजूर मिळत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. कांदा लागवडीच्या हंगामात बायांची टोळी मिळवायला दोन तालुके पालथे घालावे लागतात, पिकअप पाठवावी लागते, उक्तं ठरवताना घासाघीस होते आणि तरीही ऐनवेळी टोळी दुसऱ्याच्या वावरात जाते. कांद्याला भाव नसेल, तर वाढलेली मजुरी शेतकऱ्यानं आणायची कुठून? पण यासाठी सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेला जबाबदार धरण्याआधी हिशेब तरी करू. महिन्याला 1500 रुपये म्हणजे दिवसाला 50. रोजगार हमीचा सरकारी दर 2025 च्या एप्रिलपासून 312 रुपये होता. पन्नास रुपयांसाठी तीनशे रुपयांवर पाणी सोडणारी बाई मला तरी भेटलेली नाही. पन्नास रुपयांनी एवढंच होतं, की घरात मीठ-तेल असल्यानं अगदी पडेल भावात काम करायला ती नाही म्हणू शकते. आपल्याला खुपतं ते हे. तिचं काम न करणं नव्हे, तिचं नाही म्हणणं.

हेच गाऱ्हाणं महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी ऐकलं होतं. रोजगार हमी सुरू झाली तेव्हाही बागायतदार म्हणत होते, आता आमच्याकडे राबायला कोण येणार? त्या योजनेचा इतिहास आपल्या तरुणांना शाळेत कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडा सांगतो.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1969 मध्ये सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात एक प्रयोग करून पाहिला. काम मागायला येणाऱ्या प्रत्येक धडधाकट माणसाला काम द्यायचं, बस. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी तो उचलून धरला. 1972 ला योजना झाली, पण त्याच सुमारास पावसानं दगा दिला आणि दुष्काळी कामं सुरू करावी लागली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना विचारा. पाझर तलावावर, नालाबंडिंगवर, रस्त्याच्या खडीवर कोण नव्हतं? ज्यांच्या घरी दावणीला चार बैल होते, त्यांच्याही सुनांनी डोक्यावर पाटी घेतली. उन्हातान्हात खडी फोडायला 50 लाख माणसं आली, कारण बोलावणारं कुणीतरी होतं आणि हजेरीपटावर नाव लागत होतं. माणूस मुळात कामचुकार असतो, असं म्हणणाऱ्यानं तो उन्हाळा डोळ्यांसमोर आणावा.

पुढे 1977 साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे भाषणातलं आश्वासन राहिलं नाही, कायद्याचं कलम झालं. पैसा कुठून आला? नोकरदारांच्या पगारातून 1975 पासून व्यवसाय कर कापला जातो, तो याच कामासाठी बसवला होता. आजही पगाराच्या पावतीवर दोनशे रुपयांची ती कपात दिसते. 'आमच्या करावर हे लोक जगतात,' असं कुणी म्हणालं तर त्याला जरूर सांगावं, की हो, हा कर शेजाऱ्याच्या हाताला काम मिळावं म्हणूनच घेतला होता. त्यातून तलाव झाले, रस्ते झाले, फळबागा उभ्या राहिल्या. 2005 मध्ये केंद्रानं देशभरासाठी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव गाठीशी होता.

पण केंद्राच्या कायद्यातली ही हमी फक्त ग्रामीण भागासाठी. शिर्डी आता नगरपरिषद आहे. लॉजवरची नोकरी गेलेल्या पोराला नगरपरिषदेच्या दारात 'मला काम द्या' असा अर्ज करायचा हक्क त्या कायद्यानं दिलेला नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराची नोकरी गेली, तर नियमात बसल्यास 90 दिवसांपर्यंत निम्म्या पगाराइतका आधार मिळतो. मात्र पाच-सात माणसांच्या लॉजवरच्या पोरांची तिथे नोंदच नसते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला 6000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8000 आणि पदवीधराला 10000 रुपये विद्यावेतन मिळतं, पण आधी सहा आणि नंतर वाढवून अकरा महिनेच. बाराव्या महिन्यात तो तरुण पुन्हा तिथेच येऊन उभा राहतो. त्या मुलांनी मोर्चे काढले ते 'पैसे द्या' म्हणून काढले नाहीत. 'आम्हाला कामावर ठेवा' ही त्यांची मागणी होती. हे आपण लक्ष देऊन ऐकलं पाहिजे.

आणि भिक्षेबद्दल शिर्डीतच बोलायचं तर साईबाबांना वगळून कसं चालेल? बाबा रोज गावातल्या ठरावीक पाच घरी भिक्षा मागायचे. पाटील होते, गोंदकर होते, नंदराम मारवाड्याचं घर होतं. मिळालेल्यातलं मशिदीत कुत्र्या-मांजरांनी खाल्लं तरी बाबा हाकलत नसत. हेमाडपंतांच्या साईसच्चरितात दुसरीही एक गोष्ट आहे. बाबांनी एकदा शिडी मागवली, वामनराव गोंदकरांच्या घराच्या छपरावर चढले, राधाकृष्णामाईच्या घरावरून पलीकडे गेले आणि खाली उतरले. शिडी आणणाऱ्याच्या हातावर त्यांनी दोन रुपये ठेवले. त्या काळचे दोन रुपये! लोकांनी विचारलं, एवढ्याशा कामाला इतके का? बाबांचं उत्तर होतं, की कुणाचेही श्रम फुकट घेऊ नयेत. भिक्षा मागणारा हा माणूस मजुरी देताना हात आखडत नव्हता. ज्यांना प्रसादालयातलं ताट खुपतं, त्यांनी शिर्डीतल्या लॉजवर बारा बारा तास राबणाऱ्या पोराला काय मिळतं, हेही एकदा विचारून बघावं. फुकटचं तिथेही कुणीतरी खात आहे.

भिक्षेकऱ्यांना ज्या कायद्याखाली धरलं जातं, तो 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतो, एवढ्यावरही माणूस त्यात सापडू शकतो. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये तिथल्यापुरती या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. महाराष्ट्रात तो चालू आहे. एका विसापुरात 'काम मागा, देतो' म्हणणारा प्रयोग झाला आणि दुसऱ्या विसापुरात आपण काम नसलेली माणसं कोंडतो. दोन्ही गावं याच महाराष्ट्रातली आहेत.

मला वाटतं, पुढची मोहीम निघेल तेव्हा गाडीबरोबर पोलिसांच्या आधी एक डॉक्टर आणि एक कारकून असावा. डॉक्टरनं आजारी, व्यसनी, मनानं खचलेला कोण, हे पाहावं आणि त्याला दवाखान्यात न्यावं. कारकुनानं विचारावं, शेवटचं काम कोणतं केलंस, कधी सुटलं, काय येतं तुला? म्हाताऱ्यांचे श्रावणबाळ योजनेचे आणि निराधारांचे संजय गांधी योजनेचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. शिर्डी नगरपरिषदेनं आपल्या हद्दीत काम मागणाऱ्यांची नोंदवही ठेवावी. एवढ्या गर्दीच्या गावात झाडलोटीपासून रांगेत पाणी देण्यापर्यंत काम भरपूर आहे. गुन्हेगार निघाला तर पोलीस आहेतच.

श्रोतेहो, तुमच्यापैकी जे गावात राहतात आणि ज्यांना काम हवं आहे, त्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 4 मध्ये कामाची मागणी नोंदवावी आणि नमुना 5 ची पोच घ्यावी. पोचवर तारीख आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय कचेरीतून उठू नका. त्या तारखेपासून 15 दिवसांत काम मिळालं नाही, तर पहिले 30 दिवस मजुरीच्या पाव आणि पुढे निम्म्या दरानं बेरोजगार भत्ता मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तारीख नसेल, तर भत्ता मागायला आधार राहत नाही. अर्ज लिहिता येत नसेल, तर शेजारच्या शिकलेल्या मुलाला सोबत न्या. आणि तो मुलगा स्वतः बेकार असेल, तर त्याचाही अर्ज त्याच वेळी भरा.