चोवीस फेब्रुवारीचा फळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्यावे. गेल्या वर्षी मंडळाने दाराशी फळा लावला आणि त्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले. अक्षर बरे आहे म्हणून दिले, ज्ञान आहे म्हणून नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्या फळ्यावरच्या एका तारखेविषयी मी आज बोलणार आहे.

ती तारीख २४ फेब्रुवारी. आपल्याला ती मुद्दाम शोधावी लागत नाही. इथून अडकूरवरून एसटीने निघाले की तासाभरात नेसरी येते. तिथल्या खिंडीत सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती पडले ते २४ फेब्रुवारी १६७४ रोजी. ते मी सर्वांत वर लिहिले. मग वाटले, एवढा मोठा फळा रिकामा का ठेवायचा? लेकीला मोबाईलवर शोधायला लावले, वाचनालयातून दोन पुस्तके आणली, आणि काय सांगू, त्या एका तारखेवर लढायांची रांगच लागली. १७३९ साली इराणच्या नादिरशहाने कर्नाळच्या मैदानावर दिल्लीच्या बादशहाचा मोड केला तो २४ फेब्रुवारीला. १९१७ साली इराकात इंग्रजांच्या फौजेने तुर्कांकडून कूत शहर परत घेतले तेही २४ फेब्रुवारीला. १९९१ साली कुवेत सोडविण्यासाठी जमिनीवरची चढाई सुरू झाली तीही याच दिवशी. आणि २०२२ साली रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. लढाई थांबल्याची एकच नोंद हाती लागली. १९४९ साली इजिप्त आणि इस्रायल यांनी ऱ्होड्स बेटावर तहकुबीचा करार केला, तो २४ फेब्रुवारीचा. तीही लिहिली, पण जागा उरली नव्हती, म्हणून अगदी कोपऱ्यात.

फळा लिहून मी हात झटकत होते, तेवढ्यात आपल्यातल्याच एक अक्का आल्या. त्यांचे नाव घेत नाही, त्या समोरच बसल्या आहेत. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि कूतच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "काय गं, त्या साहेबाचं नाव लिहिलंस. आमचे आजेसासरे त्याच मुलखात ऱ्हायले. त्यांची तारीख कुठली?"

मी तिथे जनरल मॉडचे नाव लिहिले होते. मला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले ते आहे.

पहिल्याने नेसरी. प्रतापरावांचे मूळ नाव कुडतोजी. गाव साताऱ्याकडच्या खटाव भागातले भोसरे. साल्हेरच्या मोठ्या लढाईत १६७२ साली त्यांनी आणि मोरोपंत पिंगळ्यांनी मोगलांचा पराभव केला होता, म्हणजे माणूस कच्चा नव्हता. १६७३ साली जतजवळच्या उमराणीला त्यांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याला पाण्यावाचून कोंडला. खान शरण आला, आणि प्रतापरावांनी त्याला सोडून दिले. सुटलेला खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराज रागावले, आणि खानाला बुडविल्याशिवाय आम्हांस तोंड दाखवू नये असा निरोप गेला, असे सभासदाची बखर सांगते. पुढचे आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे.

मला यात नेहमी एक खटकते. तहानेल्याला पाणी दिले, हात जोडणाऱ्याला सोडले, हा काय अपराध झाला? पण त्याच खानाने पुढे कुणाची शेते तुडविली आणि कुणाच्या गोठ्यातली जनावरे नेली हे मनात आले की महाराजांचा रागही पटतो. दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी त्या वेळी रायगडावर होता. त्याने ४ एप्रिल १६७४ रोजी लिहिलेल्या पत्रात, दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत सेनापती आणि सहा स्वार मारले गेले, असे कळविले आहे. महिना-सव्वा महिन्यातली ही बातमी. तीत सेनापती कोण ते कळते, आणि बाकीचे 'सहा'. कुसुमाग्रजांच्या कवितेने सात हा आकडा घरोघर नेला. परंपरा त्या सहांची नावे विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलदेव अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल आणि विठोजी अशी सांगते. मी मंडळात विचारून पाहिले. प्रतापराव सर्वांना ठाऊक, सहांतले एकही नाव एकीलाही सांगता आले नाही. मला तरी कुठे येत होते! नेसरीशेजारी कानडेवाडीच्या स्मारकापाशी मी तीनदा जाऊन आले आहे, हे खाली मान घालून सांगते.

आता तारखेची गंमत ऐका. तो दिवस महाशिवरात्रीचा होता, माघ वद्य चतुर्दशी. आपण देवरवाडीच्या वैजनाथाला जातो तो दिवस. परंतु १६७४ ची ती २४ फेब्रुवारी जुन्या इंग्रजी गणतीची आहे. ते जुने वर्ष खऱ्या वर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. दरसाल अकरा मिनिटे, असे करीत शेकडो वर्षांत दहा दिवसांचा घोळ झाला. रोमच्या पोपने १५८२ साली ते दहा दिवस गाळून टाकले, पण इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत मानले नाही. म्हणून नव्या गणतीने नेसरीचा दिवस ६ मार्च होतो. कर्नाळची २४ फेब्रुवारी मात्र नव्या गणतीची आहे. म्हणजे मी ज्या तारखा एका दिवसाच्या म्हणून फळ्यावर लिहिल्या, त्या एका दिवसाच्या नव्हेतच! तिथी धरून चालणाऱ्या आपल्या सासवांचा घोळ झाला नसता.

कर्नाळचे दोन शब्दांत सांगते. काही तासांत लढाई संपली, पुढे दिल्लीत कत्तल झाली, आणि मयूरासन इराणला गेले. त्याच दिवसांत इकडे चिमाजीअप्पांची फौज वसईभोवती झुंजत होती. वसई मे महिन्यात हाती आली.

जुन्या गणतीच्या त्याच २४ फेब्रुवारीवर आणखी एक नोंद आहे, आणि ती मला सर्वांत आवडली. नेसरीच्या बरोबर चार वर्षे आधी, २४ फेब्रुवारी १६७० रोजी, राजगडावर सोयराबाईंच्या पोटी राजाराम महाराज जन्मले. फाल्गुनी पौर्णिमा होती. तानाजी कोंढाण्यावर पडले त्याला तेव्हा वीसच दिवस झाले होते. आपल्या पारगडावर तानाजींचे वंशज आजही राहतात, म्हणून हे सांगावेसे वाटले. राजाराम चार वर्षांचे झाले त्या तारखेला प्रतापराव पडले. त्यानंतर १५ मार्च १६८० रोजी महाराजांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई हिचे राजारामांशी लग्न लावून तिला सून करून घेतले. एकोणीस दिवसांनी महाराजच गेले. रागाचा निरोप धाडणाऱ्या माणसाने त्या माणसाची पोर शेवटी आपल्या घरात आणली. बखरीतल्या सगळ्या संवादांपेक्षा मला हे एक लग्न जास्त बोलके वाटते.

प्रतापरावांच्या मागून सरनौबती तळबीडच्या हंसाजी मोहित्यांकडे आली, हंबीरराव हा त्यांचा किताब. ते सोयराबाईंचे भाऊ. त्यांची मुलगीही पुढे राजारामांनाच दिली. ती ताराबाई, आपल्या कोल्हापूरच्या गादीची स्थापना करणारी. एका सरनौबताच्या मुलीचे नाव रस्त्यांना, शाळांना, चौकांना आहे. दुसऱ्या सरनौबताची मुलगी त्याच घरात नांदली, आणि तिच्याविषयी पुस्तकात दोन ओळी सापडायला मला चार दिवस लागले.

आता अक्कांच्या प्रश्नाकडे येते. त्यांच्या घरात 'बसऱ्याला गेले' एवढेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे पुष्कळ लोक मराठा पलटणींतून बसरा बंदरावरून इराकात गेले. कूत शहरात जनरल टाऊनशेंडच्या फौजेला तुर्कांनी वेढले, त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपले. घोडे मारून खायची वेळ आली, आणि आपल्या शिपायांपैकी पुष्कळांनी धर्मासाठी आधी ते नाकारले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. कैदेत वाळवंटातून चालत नेताना कितीएक मेले. पुढल्या वर्षी जनरल मॉडची फौज टायग्रिस नदी उतरली, आणि २४ फेब्रुवारीला कूत परत आले. वर्तमानपत्रांतून विजयाची तार छापली गेली असेल. पण कैदेत गेलेले कूतमध्ये थोडेच होते परत मिळायला!

बसऱ्याला इंग्रजांनी १९२९ साली मोठे स्मारक उघडले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली आकडा घातला. हे वाचले तेव्हा मला नारायण शेणव्याचे 'सहा' आठवले. पण शेणवी घाईत बातमी कळवीत होता. दगडावर कोरणाऱ्याला घाई कसली?

त्या काळी मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी सरकारने काशाची एक गोल तबकडी पाठविली होती. वीतभराहून लहान, बाईची आणि सिंहाची आकृती असलेली. तिच्यावर माणसाचे नाव असे, हुद्दा नाही, तारीख नाही. मी अक्कांना विचारले, तुमच्याकडे तसे काही होते का? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "व्हती. देव्हाऱ्यामागं ठेवल्याली. आमच्या सासूबाईंनी तांब्याच्या घागरीसंगं मोडीत घातली. तिला काय ठावं?" त्या वेळी घरात दिवस कसे होते हेही त्यांनी सांगितले. ते इथे सांगण्यासारखे नाही.

तिथी ठाऊक नाही, म्हणून त्या आजेसासऱ्यांचे पान सर्वपित्रीला वाढले जाते. शस्त्राने गेलेल्यांची म्हणून पितृपक्षात चतुर्दशी असते, ती तरी करावी का असे अक्का विचारत होत्या. पण लढाईत गेले की तापाने की उपासाने, हेच घरात कुणाला माहीत नाही. त्या युद्धातल्या मृतांच्या याद्या आता मोबाईलवर पाहता येतात. लेकीने त्यांचे नाव घालून पाहिले, तर त्याच नावाचे अनेक निघाले. कुणाच्या पुढे बापाचे नाव आहे, कुणाच्या पुढे गाव आहे, पण साहेबाने ऐकले तसे लिहिलेले. अक्कांना आजेसासऱ्यांच्या वडिलांचे नाव आठवत नाही. तिथे आमचे काम अडले आहे.

युक्रेनविषयी एवढेच, की ते लांबचे म्हणून मी एका ओळीत लिहिले होते. तिथे आपल्याकडची हजारो मुले डॉक्टरकी शिकत होती. हावेरी जिल्ह्यातला एक मुलगा खारकीव्हमध्ये दुकानाच्या रांगेत उभा असताना मारला गेला, तो दिवस १ मार्च २०२२. मी पंचांग काढून पाहिले. महाशिवरात्र होती.

तर भगिनींनो, माझी एक विनंती आहे. बेळगाव जवळ, त्यामुळे आपल्या तालुक्यात ज्या घरातून कुणी ना कुणी पलटणीत गेले नाही असे घर विरळा. ज्यांच्या घरातून कुणी गेले आणि आले नाही, त्यांनी नाव, वडिलांचे नाव, पलटणीचा नंबर, जे काय असेल ते मला आणून द्यावे. तारीख नसेल तर तिथी सांगा, वर्ष कळले तर मी पंचांगवाल्या गुरुजींकडून तारीख काढून घेईन. देव्हाऱ्यामागे, माळ्यावर, फडताळात काशाची तबकडी असली तर मोडीत घालू नका, पुढल्या सभेला घेऊन या. आणि अक्का, तुमच्या धाकट्या नणंदबाई गडहिंग्लजला असतात ना? त्यांना एकदा विचारून बघा, त्यांच्या पणजोबांचे नाव त्यांना कुणी सांगितले होते का. फळ्याची उजवी बाजू मी मोकळी ठेवली आहे.