जुनाट आजार आणि आपला विहार
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी विहार कसा उभा राहिला हे सांगायचा प्रघात आहे. आज आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. ज्यांनी या विहारासाठी विटा वाहिल्या, दारोदार वर्गणी गोळा केली, त्यांतले कितीतरी जण आता वंदनेला दिसत नाहीत. श्रद्धा आटली म्हणून नव्हे. गुडघे वाकत नाहीत, पायऱ्या चढवत नाहीत. साखरेमुळे सारखं लघवीला उठावं लागतं आणि चारचौघांतून उठायची लाज वाटते, म्हणून.

ताप येतो आणि जातो. संधिवात आणि मधुमेह मुक्कामालाच येतात. ते माणसाचं जगणं थोडं थोडं कुरतडतात. आधी बाजार सुटतो, मग लग्नकार्य, मग विहार. घरचेही म्हणतात, "वय झालं, चालायचंच!" आयाबायांचं तर विचारूच नका. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर पैसे उरले, तर त्यांचं औषध येतं.

हे दोन्ही आजार एकमेकांना हात देतात. सांधे दुखतात म्हणून चालणं थांबतं. चालणं थांबलं की वजन आणि साखर वाढते. वजनाचा भार पुन्हा गुडघ्यांवरच. त्यात कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉईडची गोळी घेतली, तर दुखणं दोन दिवस थांबतं, पण साखर भडकते. पायाच्या नसा बधिर झाल्या की अनवाणी चालताना खडा रुतला तरी कळत नाही. अशाच दुर्लक्षित जखमेतून पुढे पाय कापायची वेळ येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. हा फक्त श्रीमंतांचा आजार, असं आता कुणी म्हणू नये.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पाय असह्य दुखत. त्याच शरीराने त्यांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो बांधवांना दीक्षा दिली. ही जिद्द आपण अभिमानाने सांगतो. पण दुसरी बाजू विसरतो. या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या आजारपणातल्या उपचारांचे श्रेय माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांना दिले आहे. जिद्द आजाऱ्याची असते, पण तिला सेवेचा आधार लागतो.

आणि तथागतांचे काय? पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागली, तेव्हा त्यांनी सारिपुत्तांना उपदेश करायला सांगितले आणि स्वतः आडवे झाले. भर सभेत! मग आपल्या विहारात एखाद्या आजीने खुर्ची मागितली तर तो अनादर कसा? आजारी, एकट्या पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदांसह स्वतः आंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा मानावी, अशी शिकवण दिली.

तेव्हा समितीला आमची विनंती आहे. मागच्या भिंतीलगत दहा-बारा खुर्च्या ठेवा. पायऱ्यांना धरायला लोखंडी कठडा बसवा. चहा करताना एक किटली बिनसाखरेची ठेवा. भाषणं लांबली तरी जेवण लांबवू नका, कारण गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाला वेळेवर खावंच लागतं. वर्षावासात अष्टशील पाळणाऱ्या अशा उपासिकांनी दुपारनंतर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं. साखर एकदम उतरली तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपते. भगवंतांनी आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे दुपारनंतरही घ्यायची मोकळीक दिली होती. आपण त्यांच्याहून कडक कशाला व्हायचं?

तरुणांनाही सांगणं आहे. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी रविवारी एक चक्कर मारा. औषध संपलंय का विचारा, पाय बघा, हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणा. ज्यांनी विहार उभा केला, त्यांना विहारात बसायला जागा मिळाली, तरच हा वर्धापनदिन खरा.

जयभीम! नमो बुद्धाय!