एकी करा, पण लिहून घ्या
(काळाचौकी येथें कामगारांपुढें झालेलें भाषण)

आपली लहान युनियन मोठींत मिळवावी अशीं बोलणीं चाललीं आहेत. एकीस माझा विरोध नाहीं. पण मी खेड्यांतला शिक्षक. आमच्याकडे विहीर सामाईक असली तरी पाण्याची पाळी ठरवून घेतात. न ठरविल्यास दांडगा तेवढा भिजवितो, गरिबाचें वावर सुकतें.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपांत ना. म. जोशी यांची युनियन व गिरणी कामगार युनियन यांनीं संयुक्त संप कमिटी केली. तरी दोन्ही संस्था आपापल्या जागीं उभ्या राहिल्या. उलट १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानें एका विभागांत एका धंद्याची एकच प्रातिनिधिक युनियन मानली. परिणाम काय? १९८२ सालीं सुमारें अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांमागें गेले, पण करार करण्याचा कायदेशीर हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला.

म्हणून सहीपूर्वीं तीन कलमें मागा: वर्गणीचा ठरीव वांटा शाखेस, शाखेचा चिटणीस शाखेच्याच मतानें, आणि शाखेच्या सभेस विचारल्यावांचून तिचा करार नाहीं. हें लिहून देईल त्याच्याशीं बेलाशक एक व्हा. जो "मागाहून पाहूं" म्हणेल, त्याला आपली सहीही मागाहूनच द्या.